बेला लुगोसी : नट चांगला होता, की नुसता झगाच चालला?

तिसरी_घंटा
माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. बेला लुगोसी १९३१ च्या ड्रॅक्युलामुळे अमर झाला असं सगळे म्हणतात. मला वाटतं त्याच सिनेमाने एका कसलेल्या रंगभूमीवरच्या नटाची वाट लावली.

आपल्याला माहिती असलेला लुगोसी म्हणजे काळा झगा, चापून बसवलेले केस, डोळ्यांवर उजेडाची पट्टी आणि ते खर्जातलं संथ बोलणं. पण त्याआधी या माणसाने हंगेरीत दीडेक दशक नाटकं केलीत हे कुणाच्या गावीच नसतं. जन्म २० ऑक्टोबर १८८२, गाव लुगोस, तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं, आज रुमानियात आहे. खरं आडनाव ब्लास्को, गावावरून लुगोसी घेतलं. शाळा अर्धवट सोडून पळाला, अंगमेहनतीची कामं केली, मग गावोगावच्या नाटक कंपन्यांत शिरला. देब्रेत्सेनला १९०९ मध्ये चक्क येशू ख्रिस्त झाला होता, दाढी वाढवलेला फोटो नेटवर सापडेल, बघाच. शेगेदला १९१० मध्ये रोमिओ. आणि १९१३ पासून बुडापेस्टच्या नॅशनल थिएटरमध्ये.

तर प्रश्न असा, की हा मुळात ताकदीचा नट होता आणि हॉलिवूडने वाया घालवला, की मुळातच बेताचा होता आणि ड्रॅक्युलाने उलट त्याच्यावर उपकार केले?

गुळाचा_चहा
मी पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

रीळ_संपलं
धागाकर्ते, तुमच्याच माहितीतून तुमचं मत पडतंय की. नॅशनल थिएटरमध्ये १९१३ ते १९१९, आणि भूमिका कसल्या, तर बहुतेक किरकोळ. निरोप्या, सरदार क्रमांक दोन वगैरे. तिशी ओलांडलेला देखणा उंचापुरा माणूस, इतकी वर्षं तिथे आहे आणि कुणी मुख्य भूमिका देत नाही म्हणजे काहीतरी असेल ना? मला तरी तो एका चालीचा नट वाटतो. ती चाल जबरदस्त आहे हे मान्य. पण एकच.

पेश्टकर_मंदार
बुडापेस्टात नोकरीला आहे म्हणून थोडं बोलतो.

नॅशनल थिएटर म्हणजे तिथली सगळ्यात मानाची जागा, प्रमुख भूमिका जुन्या जाणत्या मंडळींकडे, बाहेरगावाहून आलेल्याने रांगेत उभं राहायचं. त्यात मधेच युद्ध. १९१४ मध्ये लुगोसी सैन्यात गेला, रशियाच्या आघाडीवर जखमी झाला आणि १९१६ मध्ये परत आला. म्हणजे त्या सहा वर्षांतली दोन खंदकात गेली. त्यानंतर १९१७ पासून सिनेमे, ते पण आरिस्टिड ओल्ट अशा भलत्याच नावाने. १९१८ मध्ये 'कर्नल' नावाचा मूकपट केला, दिग्दर्शक मिहाय केर्तेस, म्हणजेच पुढे कासाब्लांका काढणारा मायकेल कर्टिझ. तेव्हा अगदीच कुणी विचारत नव्हतं असं नाही.

अवांतर - इथल्या सिटी पार्कमध्ये वायदाहुन्याद नावाचा किल्ला आहे (खरा किल्ला नाही, प्रदर्शनासाठी बांधलेला). त्याच्या एका कोनाड्यात लुगोसीचा अर्धपुतळा आहे. २००३ मध्ये एका जर्मन शिल्पकाराने कुणाला न विचारता गुपचूप बसवला, आणि मग तो तसाच राहिला. येणारे जाणारे टुरिस्ट त्याला कुठलातरी राजा समजून पुढे जातात.

गुळाचा_चहा
न विचारता पुतळा?? आपल्याकडे यावरून काय काय झालं असतं, ते इथे नको :)

लाल_कंदील
मूळ मुद्दा सुटतोय मंडळी. लुगोसी बुडापेस्ट सोडून का गेला? हौस म्हणून नाही. १९१९ मध्ये हंगेरीत बेला कुनचं कम्युनिस्ट सरकार आलं, १३३ दिवस टिकलं. त्या काळात लुगोसी नटांची युनियन उभी करण्यात पुढे होता. सरकार पडल्यावर जी धरपकड सुरू झाली तीत नॅशनल थिएटरचा नट असलास तरी माफी नव्हती. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. तिथे १९२० मध्ये जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या सिनेमात बटलरचं काम केलं. हा सिनेमा जेकिल-हाइडच्या गोष्टीची परवानगी न घेता केलेली नक्कल होता, आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. आणि हाच मुर्नाऊ दोन वर्षांनी नोस्फेराटू काढतो, म्हणजे ड्रॅक्युलाची परवानगी न घेता केलेली नक्कल! त्यात लुगोसी नाही. तेव्हा तो अमेरिकेत पोचला होता.

१९२० च्या डिसेंबरात बोटीवर खलाशांबरोबर काम करत न्यू ऑर्लीन्सला उतरला. इंग्रजी शून्य. वय अडतीस. वेताळासारखे डोळे आणि युनियनवाला असल्याचा डाग. यावर करिअर उभारून दाखवा मग म्हणा एका चालीचा.

रीळ_संपलं
हालअपेष्टा वेगळ्या आणि अभिनय वेगळा हो कंदील. दुःख भोगलं म्हणून नट मोठा ठरत नाही.

जर्सीची_मावशी
मला या माणसाचं न्यूयॉर्कमधलं पहिलं पर्व फार आवडतं. आल्यावर त्याने काय केलं, तर तिथल्या हंगेरियन नटांना गोळा करून छोटी कंपनी काढली, आपल्या भाषेत, आपल्या लोकांसमोर नाटकं. मी इथे मंडळाच्या नाटकांत इतकी वर्षं लुडबुड करतेय, तर ते चित्र डोळ्यासमोर येतं. दिवसा नोकरी, रात्री तालीम, प्रेक्षक तेच तेच, प्रयोगानंतर कुणीतरी घरून आणलेलं खायला. फरक एवढाच की आम्ही सोमवारी ऑफिसला जातो, त्याला परत जायला ऑफिसही नव्हतं आणि देशही नव्हता. लुगोस तर तोवर रुमानियात गेलं होतं.

मग १९२२ मध्ये पहिलं इंग्रजी नाटक. इंग्रजी येत नव्हतं म्हणून सगळे संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ केले. एकही वाक्य स्वतःला धड कळत नसताना ब्रॉडवेवर उभं राहायचं. माझे तर हातपाय गळाले असते.

चष्मेबद्दूर_नाही
यावरून आठवलं, ड्रॅक्युलातही तो असाच पाठ करून बोलला म्हणून इतका थांबून थांबून बोलतो असं कुठेतरी वाचलंय.

तिसरी_घंटा
@चष्मेबद्दूर_नाही, ही नेटवर फिरणारी बंडल आहे. पाठांतराची गोष्ट १९२२ ची. ब्रॉडवेवर ड्रॅक्युला लागला ५ ऑक्टोबर १९२७ ला, फुल्टन थिएटरात, २६१ प्रयोग झाले, नंतर दौरे. सिनेमा शूट झाला १९३० मध्ये. तोवर अमेरिकेत दहा वर्षं होत आली होती त्याला. थांबून बोलणं ही त्याने निवडलेली लय आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला रंगभूमीवरचा नट शब्द ताणतो तशी. कॅमेऱ्यासमोर ती विचित्र वाटते आणि नेमकी त्यामुळेच ती भीती उभी राहते. बाकीची पात्रं भराभर बोलतात, एकटा हा वेळ घेतो. मेलेल्या माणसाला कसली घाई?

चष्मेबद्दूर_नाही
शेवटचं वाक्य __/\__

हडळ_कॅलिफोर्नियात
सिनेमाबद्दल बोलायचं तर तो सिनेमा म्हणून जरा सुमारच आहे (पळते). पहिली वीस मिनिटं झकास, वाड्यातला जिना, ती कोळ्याची जाळी, आणि मग सगळे दिवाणखान्यात उभे राहून एकमेकांना गोष्ट सांगत बसतात. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. सुळे तर अजिबात नाहीत, बघा परत, लुगोसीने सुळे लावलेलेच नाहीत! आणि ट्रान्सिल्व्हेनियातल्या किल्ल्यात आर्माडिलो फिरतात. आर्माडिलो!! टेक्सासमधला प्राणी तिथे गेला कसा कुणास ठाऊक.

तरीही तो एकटा माणूस सिनेमा ओढून नेतो. त्याच सेटवर रात्रीच्या पाळीत वेगळ्या नटांना घेऊन स्पॅनिश आवृत्ती शूट केली होती. कॅमेरा, हालचाली सगळं इंग्रजीपेक्षा सरस. पण त्यातला ड्रॅक्युला, कार्लोस व्हियारिआस, डोळे वटारून हसतो आणि आपल्यालाच हसू येतं. दोन्ही लागोपाठ बघा म्हणजे @रीळ_संपलं यांना उत्तर मिळेल.

रीळ_संपलं
स्पॅनिश बघितलाय. व्हियारिआसबद्दल सहमत. पण म्हणजे लुगोसी झग्यात उत्तम, हे तर मी आधीच मान्य केलंय. झग्याबाहेर काय?

अण्णा_हिशोबनीस
झग्याबाहेर कंगाल. हे घ्या आकडे. ड्रॅक्युलासाठी युनिव्हर्सल स्टुडिओने त्याला दिले आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवडे, एकूण ३,५००. बस. सिनेमा तुफान चालला, स्टुडिओ मंदीत तरून गेला, आणि आमचे काउंट १९३२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळे.

इतके कमी का घेतले? कारण स्टुडिओला तो नकोच होता. आधी मूकपटांतला गाजलेला नट लॉन चेनीचं नाव होतं, तो १९३० च्या ऑगस्टमध्ये वारला, मग इतर नावं चालली. लुगोसी मात्र भूमिकेमागे हात धुऊन लागला होता, मूळ कादंबरीकार ब्रॅम स्टोकरच्या विधवेशी हक्कांची बोलणी करायला त्यानेच स्टुडिओला मदत केली. समोरच्याला कळलं की याला कसंही करून हवंय, की भाव पडलाच. मंडईत पण हेच होतं.

लाल_कंदील
आणि गंमत म्हणजे हाच माणूस पुढे स्क्रीन अॅक्टर्स गिल्डच्या (हॉलिवूडच्या नटांची युनियन) अगदी सुरुवातीच्या सभासदांपैकी एक! बुडापेस्टात युनियन केली म्हणून देश सुटला, हॉलिवूडमध्ये परत युनियन. खोड जात नाही. स्वतःची घासाघीस मात्र जन्मात जमली नाही.

गुळाचा_चहा
लोकांच्या पगारवाढीसाठी भांडणारा आणि स्वतःच्या अप्रेझलला गप्प बसणारा एकतरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो.

कातरवेळ
फ्रँकनस्टाईनचं कसं कुणी काढलं नाही अजून? राक्षसाची भूमिका आधी लुगोसीला होती. तोंडावर मेकअपचे थर आणि संवाद एकही नाही म्हणून त्याने नाक मुरडलं, ती भूमिका बोरिस कार्लोफला गेली आणि कार्लोफ जन्मभर त्याच्या एक पायरी वर राहिला. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक.

तिसरी_घंटा
@कातरवेळ, ते इतकं सरळ नाही. आधी दिग्दर्शक होता रॉबर्ट फ्लोरे, त्याने लुगोसीला घेऊन चाचणीचं शूटिंगही केलं. मग स्टुडिओने सिनेमा जेम्स व्हेलकडे दिला आणि व्हेलने कार्लोफला निवडलं. लुगोसीने सोडली की त्याच्याकडून गेली यावर अजून लोक भांडतात. लुगोसी स्वतः सांगायचा की मी नाकारली. नट मंडळी असंच सांगतात.

कातरवेळ
बरं, मग हे ऐका. नियतीने तो राक्षस शेवटी त्याच्या गळ्यात घातलाच. १९४३, फ्रँकनस्टाईन मीट्स द वुल्फ मॅन. साठी गाठलेली, पैशाची नड. आधीच्या सिनेमाच्या शेवटी राक्षस आंधळा झालेला असतो, म्हणून लुगोसी हात पुढे करून चाचपडत चालतो. राक्षसाला या वेळी संवादही होते. पण सिनेमा तयार झाल्यावर स्टुडिओने त्याचे सगळे संवाद कापले, आणि त्याबरोबर तो आंधळा आहे हे सांगणारा भागही गेला! आता प्रेक्षकाला कळेना की हा असा हात पसरून का चालतोय. सगळं खापर नटावर.

आणि आज जगातलं कुठलंही पोर फ्रँकनस्टाईनची नक्कल करताना हात पुढे करूनच चालतं. कार्लोफ पहिल्या सिनेमात तसा चालत नाही. नक्कल लुगोसीची आहे, नाव कार्लोफचं.

जर्सीची_मावशी
अगं बाई! हे माहिती नव्हतं. वाईट वाटलं.

कोकणी_वेताळ
वर @लाल_कंदील यांनी "वेताळासारखे डोळे" लिहिलंय त्याचा जाहीर निषेध.

अवांतर : कार्लोफचा भारताशी संबंध आहे. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, इंग्लंडातला, वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मिठाच्या खात्यात अधिकारी. घरात हिंदुस्थानी रक्तही होतं असं त्याचे चरित्रकार लिहितात. म्हणजे हॉलिवूडचा राक्षस अर्धामुर्धा आपला निघाला.

रीळ_संपलं
पण कार्लोफला जे जमलं ते लुगोसीला का नाही? दोघांवर शिक्का एकच, भयपटवाला. कार्लोफने रेडिओ केला, ब्रॉडवेवर आर्सेनिक अँड ओल्ड लेस गाजवलं. कार्लोफचे उच्चार इंग्रजी होते, हे कारण मला मान्य आहे, लुगोसीला डॉक्टर द्या की नोकर द्या, हंगेरियनच वाटणार.

कातरवेळ
आर्सेनिक लुगोसीनेही केलं, दौऱ्यावर. त्या नाटकात खलनायक "कार्लोफसारखा दिसतो" असा विनोद आहे, तिथे स्वतःचं नाव घालून. जखमेवर मीठ, आणि तेही मिठाच्या खात्याकडून!

कोकणी_वेताळ
वाह! ही कोटी माझ्या हातून कशी निसटली.

हडळ_कॅलिफोर्नियात
@रीळ_संपलं, झग्याबाहेर काय ते सांगते. सन ऑफ फ्रँकनस्टाईन, १९३९. त्याआधीची दोन वर्षं त्याच्याकडे जवळपास कामच नव्हतं, इंग्लंडात भयपटांविरुद्ध ओरड झाल्यामुळे स्टुडिओंनी ते काढणंच बंद केलं होतं. १९३८ मध्ये मुलगा झाला तेव्हा हातात पैसा नाही. त्याच वर्षी इथे एल.ए.मध्ये एका थिएटरवाल्याने ड्रॅक्युला आणि फ्रँकनस्टाईन एकाच तिकिटात लावले, रांगा लागल्या, मग स्टुडिओला परत जाग आली.

त्यात लुगोसी इगोर आहे. फाशी देऊनही न मेलेला, मान मोडलेला म्हातारा. दाढीचं जंगल, किडके दात, घोगरा आवाज, मोडक्या मानेवर स्वतःच ठोकून दाखवतो आणि खिदळतो. दिग्दर्शकाने शूटिंग चालू असताना त्याची भूमिका वाढवत नेली, इतकं काम भारी होतं. समोर कार्लोफ आहे, बॅसिल रॅथबोन आहे, आणि आपण बघत राहतो इगोरला. ड्रॅक्युलाचा एक धागा सापडणार नाही त्यात. लबाड, विनोदी, थोडा केविलवाणा. हे काम बेताच्या नटाचं नाही हो.

पेश्टकर_मंदार
+१. आणि त्याच वर्षी निनोत्च्का या सिनेमात ग्रेटा गार्बोसमोर एक छोटा प्रवेश आहे, सोव्हिएत कमिसार. कम्युनिस्ट म्हणून देश सोडलेल्या माणसाने कमिसार व्हायचं! दोन मिनिटांचं काम, पण सरळ, शांत, झगा नाही, डोळे वटारणं नाही. बघताना सारखं वाटतं की अशा वीस भूमिका मिळाल्या असत्या तर.

रीळ_संपलं
इगोर बघितलेला नाही. बघतो.

गुळाचा_चहा
नोंद घ्या, रीळ एक इंच सरकलं.

अण्णा_हिशोबनीस
शेवटचा काळ लिहायचा की नको? पायाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं, मग ते सुटेना. १९५५ मध्ये स्वतः होऊन सरकारी इस्पितळात दाखल झाला, त्या काळी हॉलिवूडमधला माणूस हे उघडपणे करत नसे. बाहेर आला, पाचवं लग्न केलं, इस्पितळात पत्रं पाठवणाऱ्या चाहतीशीच. १६ ऑगस्ट १९५६ ला गेला, ७३ वर्षांचा होता. दिग्दर्शक एड वूडने त्याची थोडीशी शूट केलेली रीळं घेऊन त्याभोवती प्लॅन ९ हा सिनेमा उभा केला, आणि उरलेल्या भागात स्वतःच्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला (पाठीचे मणके बसवणारा) झगा घालून, तोच तोंडावर धरायला लावून लुगोसी म्हणून चालवला.

चष्मेबद्दूर_नाही
ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरा असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं ना? म्हणजे शेवटी शेवटी तो स्वतःला खरंच ड्रॅक्युला समजायला लागला होता?

हडळ_कॅलिफोर्नियात
नाही नाही. झग्यात पुरला हे खरं, पण निर्णय मुलाचा आणि आधीच्या बायकोचा, लिलियनचा. मुलाने हे स्वतः सांगितलंय. त्यांना वाटलं त्याला आवडेल. वेडबीड काही नव्हतं, घरी तो पोस्टाची तिकिटं जमवणारा गृहस्थ होता. थडगं कल्व्हर सिटीत होली क्रॉस दफनभूमीत आहे, मी गेले होते, साधा दगड, कुणीतरी लाल लिपस्टिक ठेवून गेलं होतं.

वकिलीण_बाई
वाचनमात्र असते पण मुलाचा विषय निघाला म्हणून. बेला लुगोसी ज्युनियर पुढे वकील झाला, आणि त्याने व लुगोसीच्या विधवेने युनिव्हर्सलवर दावा लावला. मुद्दा असा : खेळण्यांवर, मुखवट्यांवर ड्रॅक्युला म्हणून जो चेहरा विकता तो आमच्या माणसाचा आहे, पैसे आम्हाला द्या. खालच्या कोर्टात जिंकले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने उलटवलं, चेहऱ्यावरचा हा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही म्हणाले. पण त्यानंतर काही वर्षांतच कॅलिफोर्नियाने कायदा करून तो हक्क वारसांना दिला. आज मेलेल्या नटांचे चेहरे वापरण्यावरून वाद होतात तेव्हा या निकालाचं नाव निघतंच. ३,५०० डॉलरमध्ये स्टुडिओने नक्की काय विकत घेतलं होतं, भूमिका की चेहरा? माझ्या मते भूमिका. पण माझ्या मताला कोर्टात कोण विचारतंय.

लाल_कंदील
एक नंबर प्रतिसाद. वाचनमात्र राहू नका हो.

तिसरी_घंटा
वकिलीण बाईंमुळे मला माझाच प्रश्न वेगळा दिसायला लागला. मी विचारत होतो सिनेमाने नट वाया घालवला का. पण ड्रॅक्युला ही भूमिका मुळात त्याने बांधली. कादंबरीतला काउंट म्हणजे पांढऱ्या मिशांचा, उग्र वासाचा म्हातारा. नोस्फेराटूमधला तर उंदरासारखा. बैठकीत रुबाबात येऊन बाईच्या हाताचं चुंबन घेणारा ही कल्पना नाटककारांची खरी, पण तिला चाल, नजर, हाताची बोटं आणि तो मध्य युरोपातला सूर दिला तो याने, शेगेद-बुडापेस्टला रोमिओ आणि सरदार करत शिकलेल्या गोष्टींतून. तो रोमिओच आहे, फक्त मेलेला. एका चालीचा म्हणा हवं तर, पण ती चाल आधी अस्तित्वात नव्हती. आणि मोठ्या पडद्यावर पूर्ण लांबीच्या सिनेमात त्याने ड्रॅक्युला केला फक्त दोनदा, १९३१ आणि १९४८, दुसरा तर अॅबट-कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या सिनेमात. बाकी सगळी वर्षं ड्रॅक्युलासारखं काहीतरी.

रीळ_संपलं
इगोर बघून आलो. ठीक आहे, दोन चाली.

कातरवेळ
:D :D

रीळ_संपलं
हसा. मान मोडलेली ठेवून अख्खा सिनेमा काढलाय आणि एकदाही ती सरळ झालेली नाही, हे नाटकवाल्याशिवाय कुणाला जमत नाही. पण हॉलिवूडने वाया घालवला हे अजून मान्य नाही. बुडापेस्टात राहिला असता तर आज त्याच्यावर मराठीत धागा निघाला असता का?

पेश्टकर_मंदार
राहिला असता तर आधी तुरुंगात गेला असता. पण मुद्दा चांगलाय. त्या काळचे हंगेरियन मूकपट बहुतेक हरवले, नॅशनल थिएटरातली कामं तर त्या रात्रीबरोबर गेली. आपण ज्याला "खरा लुगोसी" म्हणतोय तो आपल्यापैकी कुणीच पाहिलेला नाही, @तिसरी_घंटा सकट.

तिसरी_घंटा
हे मात्र बिनतोड.

जर्सीची_मावशी
इथे लेकीला दाखवायचं म्हणते, वय तेरा. आधी कुठला लावू? घाबरून रात्री माझ्याजवळ झोपायला आली तर तुम्ही जबाबदार.

हडळ_कॅलिफोर्नियात
मावशी, १९४८ चा अॅबट-कॉस्टेलोवाला लावा. पासष्ट वर्षांचा लुगोसी, आजूबाजूला सगळे माकडचाळे करतायत आणि हा एकटा पूर्ण गांभीर्याने काम करतो, त्यामुळेच विनोद होतो. आवडला तर इगोर. १९३१ चा शेवटी, नाहीतर पोरगी म्हणेल आई हे किती स्लो आहे.

गुळाचा_चहा
तेराव्या वर्षीच्या मुली घाबरत नाहीत मावशी, त्या फोन बघतात.